कोचबाई गेल्या ऑनसाइट

बालेवाडी म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? हाय स्ट्रीट, बरोबर? शुक्रवारची संध्याकाळ, हिंजवडीहून सुटलेल्या कॅब्ज, टेबलासाठी वेटिंग आणि पार्किंगवरून वादावादी. पण तिथून जवळच, बायपासला लागून, आणखी एक बालेवाडी आहे. श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल. १९९४च्या नॅशनल गेम्ससाठी बांधलेलं, २००८मध्ये कॉमनवेल्थ यूथ गेम्सही इथेच झाले. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी ते बसच्या खिडकीतूनच पाहिलंय. मीही त्यातलीच. पुण्यात राहून इतकी वर्षं झाली, पण आत पाऊल टाकलं ते डिसेंबर २०२३मध्ये, प्रो कबड्डीच्या दहाव्या सीझनचा मुक्काम पुण्यात होता तेव्हा.

मॅच होती बॅडमिंटन हॉलमध्ये. (इंग्रजांच्या काळात बॅडमिंटनलाच 'पूना' म्हणायचे, हे माहितीये ना? त्याच पुण्यातल्या बॅडमिंटन हॉलमध्ये मॅटवर कबड्डी. असो.) आत शिरले तर काय, ढोल, भगवे टी-शर्ट, आई-बाबांच्या खांद्यावर बसलेली चिल्लीपिल्ली, आणि कंपनीचं आयकार्ड अजून गळ्यातच असलेली आपली मंडळी. पुणेरी पलटणची मॅच. आणि सगळ्यात जास्त आरडाओरडा कोणासाठी? मोहम्मदरेझा शादलुईसाठी. इराणी पोरगा, लेफ्ट कॉर्नरचा डिफेंडर. त्याने घोटा पकडला की हॉलचं छत उडेल असं वाटायचं. पलटणने त्याला २ कोटी ३५ लाखांना घेतलं होतं, तोवरचा लीगमधला सगळ्यात महागडा परदेशी खेळाडू. शेजारचे काका म्हणाले, "आपला आहे तो." मी म्हटलं, काका, इराणचा आहे. तर म्हणे, "मग काय झालं? पलटणचा आहे ना!"

गंमत बघा. त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला चीनमधल्या हांगझोमध्ये एशियन गेम्सची फायनल झाली, भारत विरुद्ध इराण. शेवटच्या मिनिटांत पॉइंट्सवरून इतका गोंधळ झाला की खेळ तासभर थांबला, आणि मग भारत ३३-२९ने जिंकला. त्या भारतीय टीममध्ये नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार होता, समोर शादलुई. दोन महिन्यांनी बालेवाडीत अस्लम पलटणचा कॅप्टन आणि शादलुई त्याच्या टीममध्ये. १ मार्च २०२४ला हैदराबादमध्ये हरियाणा स्टीलर्सला २८-२५ने हरवून दोघांनी मिळून कप उचलला. पुण्याचा पहिला.

आता तुम्ही म्हणाल, हा लेख शादलुईवर आहे का? नाही हो. तो आहे एका नाशिकच्या बाईंवर. पण त्यांच्यापर्यंत मी पोचले ती त्या हॉलमधून. परत येताना रिक्षात डोक्यात एकच प्रश्न: या इराण्यांना आपली कबड्डी इतकी चांगली शिकवली कोणी?

पुरुषांचं उत्तर सोपं आहे. इराणमध्ये आपल्या हुतूतूसारखाच 'झू' नावाचा खेळ आधीपासून होता, म्हणजे पाया तयार होता. वर आपणच त्यांना लीगमध्ये बोलावलं. फझल अत्राचली २०१५मध्ये यू मुंबाबरोबर चॅम्पियन झाला, २०२२मध्ये पुणेरी पलटणचा कॅप्टन होता. वर्षातले काही महिने जगातल्या सगळ्यात चांगल्या रेडर्ससमोर उभं राहायचं, घरी जाताना सगळं शिकून जायचं. पगारासकट ट्रेनिंग!

मुलींचं तसं नाही. त्यांच्यासाठी लीगच नव्हती. २०१६मध्ये प्रो कबड्डीने 'विमेन्स कबड्डी चॅलेंज' म्हणून तीन टीम्सची छोटी स्पर्धा करून पाहिली. फायनल २४-२३ अशी, म्हणजे अगदी शेवटच्या दमापर्यंत गेलेली. त्यानंतर ती परत झाली नाही. मग इराणच्या मुलींनी शिकायला यायचं कुठे? त्या येऊ शकत नव्हत्या, तेव्हा कोचला जावं लागलं.

त्या कोच म्हणजे शैलजा जैन. महाराष्ट्राच्या क्रीडा खात्यात नाशिकला कोच होत्या. आयुष्यभर मुली घडवल्या, आणि मग २०१४मध्ये रिटायर झाल्या. भारतीय महिला संघाची कोच होण्याची इच्छा होती. ती संधी मिळाली नाही, आणि ही सल त्यांनी नंतर पत्रकारांसमोर अजिबात न लपवता सांगितली. साठीच्या आसपास, जेव्हा आपल्याकडे बायकांनी नातवंडं सांभाळावीत अशी अपेक्षा असते, तेव्हा इराणकडून विचारणा झाली: आमच्या महिला टीमच्या कोच व्हाल का?

जरा विचार करा. आपल्याला कंपनीने सहा महिन्यांसाठी ऑनसाइट पाठवलं तर आपण आधी काय विचारतो? डेली अलाउन्स किती, राहायचं कुठे, इंडियन फूड मिळतं का. जैन बाई शाकाहारी. भाषा फारसी. बाहेर पडताना डोक्यावर स्कार्फ. आणि टीम अशी, जिला एकच गोष्ट हवी होती: भारताला हरवणं. म्हणजे जी टीम घडवायची, तिने आपल्याच मुलींना पाडायचं. बाई गेल्या.

भाषेबद्दल मला एक मजेशीर गोष्ट सुचली. कबड्डीत आपण ज्यावर जगतो तो 'दम', हा शब्दच मुळात फारसी आहे. अर्थ श्वास. 'शाबास' फारसी. 'पंजा' फारसी, 'पहलवान' फारसी. 'मैदान'ही तिकडूनच आपल्याकडे आलं. नाशिकच्या कोचला आणि इराणच्या मुलीला ग्राउंडवर निम्मं तर भाषांतराशिवायच कळत असणार! उरलेल्या निम्म्यासाठी बाई थोडी फारसी शिकल्या. आणि आपल्याकडून नेलं काय? योगासनं आणि प्राणायाम. दमाच्या खेळात दम वाढवायची विद्या. यात थोर काही नाही असं वाटेल. पण ज्यांनी एक रेड टाकून पाहिलीय त्यांना विचारा. तीस सेकंद 'कबड्डी कबड्डी' म्हणत सात जणींमध्ये शिरायचं, आणि डोकं शांत ठेवून बघायचं की कॉर्नर कधी पुढे येतेय.

सुमारे दीड वर्ष त्यांनी ही टीम घडवली. मग ऑगस्ट २०१८, जकार्ता.

२३ ऑगस्टला आधी भारताच्या पुरुषांना इराणने सेमी फायनलमध्येच २७-१८ने घरी पाठवलं. १९९०मध्ये एशियन गेम्समध्ये कबड्डी आल्यापासून आपण दर वेळी गोल्ड आणलं होतं, तो सिलसिला तिथे तुटला. दुसऱ्या दिवशी महिलांची फायनल. भारत दोनदाचा चॅम्पियन, २०१० आणि २०१४. समोर इराण. हाफ टाइमला भारत पुढे. महिलांच्या मॅचमध्ये हाफ पंधरा मिनिटांचा असतो, पुरुषांसारखा वीसचा नाही. एखादी चूक भरून काढायला वेळच मिळत नाही. संपली तेव्हा स्कोअर होता इराण २७, भारत २४.

तीन पॉइंट्स. म्हणजे एखादी सुपर टॅकल आणि एक बोनस.

सगळं श्रेय बाईंनाच, असंही मी म्हणणार नाही. २०१४च्या फायनलमध्येही इराणच होतं, तेव्हा भारत ३१-२१ने जिंकला होता. म्हणजे टीम आधीच दुसऱ्या नंबरची होती. बाईंचं काम दहा पॉइंट्सचं अंतर मिटवायचं. पण कुठल्याही ऑफिसात विचारा, नव्वदवरून शंभरावर जाणं हे शून्यावरून नव्वदवर जाण्यापेक्षा अवघड असतं.

आणि या गोष्टीतली दुसरी बाजू मला जास्त टोचते. हरलेल्या भारतीय टीममध्ये महाराष्ट्राच्या दोन मुली होत्या, सायली केरिपाळे आणि सोनाली शिंगटे. त्यांच्याच राज्यातल्या, त्यांचीच भाषा बोलणाऱ्या कोचने घडवलेल्या टीमने त्यांना सिल्व्हरवर थांबवलं. जिंकल्यावर बाईंनी सांगितलं की भारताची कोच केलं नाही तेव्हा काही तरी सिद्ध करायचं मनात घेऊनच मी इराणला आले. काही जणांना ते खटकलं. देशाविरुद्ध कसं काय? मला नाही खटकलं. आपल्यातली अर्धी जनता परदेशी क्लायंटसाठी कोड लिहिते, त्यांना कोणी देशाभिमान विचारत नाही. मग शिट्टी वाजवणाऱ्या बाईलाच का विचारायचं?

क्रिकेटमध्ये तर हे आपल्याला केव्हाच पचलंय. संदीप पाटील केनियाचे कोच होते, २००३च्या वर्ल्ड कपमध्ये केनिया सेमी फायनलला गेली. लालचंद राजपूत २००७च्या टी-ट्वेंटी वर्ल्ड कपला धोनीच्या टीमबरोबर होते, पुढे २०१६मध्ये अफगाणिस्तानचे हेड कोच झाले, मग झिम्बाब्वे. मुंबईकर म्हणून आपण त्यांचं कौतुकच केलं. कबड्डीत मात्र आपण स्वतःला मालक समजतो. खेळ आमचा, मग गोल्डही आमचंच.

हे सगळं डोक्यात घेऊन मी पेठेतल्या एका ग्राउंडवर गेले. मंडळाचं नाव लिहीत नाही, कारण ज्यांच्याशी बोलले त्यांनीच 'नको' म्हटलं. संध्याकाळी साडेसहा. दोन बाजूंना जुने वाडे, एका बाजूला नवी इमारत, मध्ये लाल माती. मॅट आहे, पण ते स्पर्धेच्या आधीच अंथरतात. चुन्याने आखलेलं मुलींचं कोर्ट, बारा बाय आठ मीटर. वीस-बावीस मुली. कोणी नववीतली, कोणी बीकॉमची, एक जण थेट कॉल सेंटरच्या शिफ्टवरून आलेली. भिंतीवर हनुमानाचा फोटो, त्याखाली चपलांचा ढीग.

ताई इथे असिस्टंट कोच. दिवसा एका शाळेत पीटी शिकवतात. कामं काय, विचारलं तर म्हणाल्या, "हेड कोच मॅचला दिसतात, मी प्रॅक्टिसला." म्हणजे वॉर्मअप घ्यायचा. घोटा सुजला तर बर्फ लावायचा. साखळीत कोणाचा हात कोणाच्या हातात घट्ट बसतो ते बघून जोड्या लावायच्या. आणि सगळ्यात मोठं काम, रात्री आठ वाजता मुलींच्या घरी फोन करायचा: "काकू, निघालीय ती, मी सोबत आहे." हे कुठल्याही स्कोअरशीटवर येत नाही. पण या फोनशिवाय निम्म्या मुली दुसऱ्या दिवशी येणार नाहीत, हे ग्राउंडवर सगळ्यांना माहितीये.

मी विचारलं, "ताई, हेड कोच कधी होणार?"

"अगं, जागा एकच असते. आणि सर आहेत ना अजून." सरांबद्दल एक शब्दही वाकडा नाही. सरांनीच त्यांना खेळवलं, सरांनीच शिट्टी हातात दिली. मला वाटतं, आपल्याकडच्या बहुतेक 'नंबर टू' माणसांचा प्रॉब्लेम हाच असतो. वरचा माणूस वाईट असता तर सोडून जाणं सोपं झालं असतं.

प्रो कबड्डीचा विषय निघाला. ताई बालेवाडीला जातात, अगदी वरच्या स्टँडमध्ये बसतात, आणि मॅच न बघता कोच काय करतायत ते बघतात. २९ डिसेंबर २०२४ची फायनल बालेवाडीतच होती, हरियाणा स्टीलर्सने पाटणा पायरेट्सला ३२-२३ने हरवलं. कप उचलणाऱ्या हरियाणाच्या टीममध्ये कोण? शादलुई! दहा महिन्यांपूर्वी पुण्याला जिंकवलं, आणि आता पुण्यातच दुसऱ्यांचा कप उचलला. "लोकांनी टाळ्या वाजवल्या ना त्याला," ताई म्हणाल्या, "मीपण वाजवल्या." पुढच्या वर्षी, २०२५च्या फायनलमध्ये पलटण हरली ती दबंग दिल्लीकडून, ३१-२८ने. दिल्लीच्या डिफेन्समध्ये होता फझल, पलटणचा जुना कॅप्टन. त्याच्यावर मात्र त्या अजून थोड्या चिडलेल्या आहेत.

मग मी शैलजा जैन यांचं नाव काढलं. ताई हसल्या. जकार्ताची ती मॅच त्यांनी याच ग्राउंडवर, एका मुलीच्या मोबाइलवर बघितली होती. आधी सगळ्या सायली-सोनालीसाठी ओरडत होत्या. संपल्यावर दोघी-तिघी रडल्या. मग कॅमेरा इराणच्या बेंचवर गेला, आणि त्यांच्यातली एक लहान मुलगी म्हणाली, "ताई, ही तर आपल्यासारखीच बाई आहे."

"तुम्हाला बोलावलं बाहेरून, तर जाल?" मी विचारलं.

त्यांनी लगेच उत्तर दिलं नाही. समोर रेड चालू होती, नववीतली मुलगी बोनसच्या नादात कॉर्नरकडे फार आत गेली आणि धरली गेली. ताईंनी तिला उठवलं, गुडघा झटकला, पाय कुठे पडायला हवा होता ते मातीत बोटाने आखून दाखवलं. मग परत आल्या.

"पासपोर्ट काढलाय," त्या म्हणाल्या. "अठरा सालीच, सप्टेंबरमध्ये. दहा वर्षं चालतो ना गं तो?"

मी म्हटलं, हो, अठ्ठावीसपर्यंत.

"मग आहे वेळ," असं म्हणत त्यांनी शिट्टी वाजवली आणि पुढची जोडी कोर्टवर बोलावली.