उन्हाळ्याला मानवणारं यीस्ट

ऑस्टिनमध्ये ऑगस्टात थंड पाण्याचा नळ सोडला तरी कोमटच पाणी येतं. टेक्सासच्या या राजधानीत २०२३ साली सलग ४५ दिवस पाऱ्याने शंभर फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ३८ सेल्सिअस, गाठलं किंवा ओलांडलं होतं. मी गेले तो उन्हाळा इतका कडक नव्हता, तरीही एसी अखंड चालू होता आणि कुत्री फिरवायला लोक उजाडायच्या आत बाहेर पडत होते. घरी बीअर बनवणारे तिथले बरेच हौशी लोक या दिवसांत चक्क सुट्टी घेतात. पातेली, नळ्या, बाटल्या धुऊन-पुसून गॅरेजात जातात, त्या ऑक्टोबरात बाहेर निघतात. माझा भाचा मात्र सुट्टीवर जायला तयार नव्हता.

"मावशी, तू आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलंस. एकदा हे प्रात्यक्षिक बघ तरी," तो म्हणाला.

प्रात्यक्षिक बघायला टेक्सासच बरं होतं. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बीअर करणं हा दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे. अमेरिकेतही ही मुभा फार जुनी नाही. १९३३ साली तिथली दारूबंदी उठली तेव्हा घरगुती वाइनला सूट मिळाली, बीअरला मिळाली नाही. १४ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केली आणि पुढच्या फेब्रुवारीपासून घरची बीअर केंद्रीय कायद्यात बसली. एक प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा अधिक असतील तर २०० गॅलन, म्हणजे जवळपास ७५७ लिटर. विकायची मात्र नाही. तरीही प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा; अलाबामा आणि मिसिसिपी या राज्यांनी थेट २०१३ साली होकार दिला.

कायद्याने मोकळीक दिली तरी उन्हाळा देत नाही. बीअर बनवतं ते यीस्ट. माणूस फक्त त्याची जेवणाची सोय करतो. माल्टमधली, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्यातली, साखर खाऊन यीस्ट अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतं, आणि हे करताना स्वतः उष्णताही सोडतं. म्हणजे खोलीत २६ अंश असले तर आंबणाऱ्या बीअरच्या पोटात सहज तीस भरतात. बहुतेक एल जातीच्या यीस्टला १८ ते २२ अंश सोसतात, लागरच्या यीस्टला दहा-बारा. त्यावर गेलं की यीस्ट घाईला येतं. मग आयसोअमाइल ॲसिटेट वाढून बीअरला पिकल्या केळ्याचा वास मारतो, इथाइल ॲसिटेट वाढलं तर नेलपॉलिशचा, आणि फ्यूजेल म्हणतात त्या जड अल्कोहोलांनी घशाशी जळजळ होते. यीस्टची वाढ पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वांत जोरात असते, त्यामुळे जे बिघडायचं ते तेव्हाच बिघडतं. नंतर बर्फात बुडवून ठेवलं तरी आलेला वास जात नाही.

ही अडचण टेक्सासची एकट्याची नाही. बव्हेरियात १५५३ साली ड्यूक आल्ब्रेख्त पाचवा याने २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बीअर बनवायलाच बंदी घातली, कारण उन्हाळ्यातली बीअर हमखास नासायची. मग मार्चअखेर भरपूर बीअर करून डोंगरात खोदलेल्या तळघरांत साठवायची, वर सावलीसाठी चेस्टनटची झाडं लावायची, अशी रीत पडली. त्याच झाडांखाली लोक बाकं टाकून बसू लागले आणि म्युनिकचे बीअर गार्डन उभे राहिले. कार्ल फॉन लिंडे यांच्या शीतयंत्रानेही १८७० च्या दशकात पहिली नोकरी धरली ती म्युनिकच्या श्पाटन ब्रुअरीत. आपल्या घरातल्या फ्रिजच्या वंशावळीत बीअरचं पिंप असं अगदी वरच्या पिढीत आहे.

घरगुती कारागिरांकडे श्पाटनसारखं यंत्र नसतं, पण जुगाड असतात. सर्वांत स्वस्त म्हणजे टबात पाणी, त्यात बीअरचा डबा, डब्याला ओला टी-शर्ट आणि समोर पंखा. कोरड्या ॲरिझोनात हे छान चालतं. ह्यूस्टनच्या दमट हवेत पाणीच उडत नाही, मग थंडावा कुठून येणार? कोणी टबात सकाळ-संध्याकाळ गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या बदलत राहतं. खात्रीचा उपाय म्हणजे आडवा डीप फ्रीझर घ्यायचा आणि त्याला बाहेरून तापमान नियंत्रक जोडायचा, की आतलं तापमान हवं तिथे थांबतं.

भाच्याकडे असा फ्रीझर होता. पण त्यात ओल्या खोबऱ्याची पाकिटं, कढीपत्ता, मटार, आणि गणपतीसाठी आधीच करून ठेवलेलं पुरण असा भाचेसुनेचा संसार होता. "बीअरला गॅरेज आहे ना!" एवढ्यावर तिने विषय मिटवला. गॅरेजात दुपारी ३६ अंश भरत.

त्यामुळे भाच्याने तापमानाच्या मागे लागणं सोडलं आणि यीस्टच बदललं. पश्चिम नॉर्वेतल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या घरात सांभाळलेलं यीस्ट आहे, क्वाइक नावाचं. वॉस गावच्या सिग्मुंड ग्येर्नेस यांच्यासारख्या शेतघरातल्या ब्रुअरांनी ते जपलं, आणि पेशाने संगणकतज्ज्ञ असलेल्या लार्स मारियुस गार्शोल यांनी गावोगाव फिरून त्याची माहिती नॉर्वेबाहेर पोचवली. २०१८ साली कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठातील संशोधकांनी जनुकीय तपासणी करून दाखवलं की पाळीव बीअर-यीस्टमध्ये हा एक वेगळाच गट आहे. त्यातले बरेच वाण ३५ ते ४० अंशांतही केळ्याचा किंवा नेलपॉलिशचा वास न सोडता काम उरकतात. जे तापमान इतर यीस्टला घातक, ते यांचं रोजचं. आता वॉसचं यीस्ट वाळवलेल्या स्वरूपात पुडीतून दुकानात मिळतं.

नॉर्वेतले जुने लोक थर्मामीटर वापरत नव्हते. नुकतं काढलेलं दूध जितकं कोमट, तितका रस निवला की यीस्ट घालायचं, ही त्यांची खूण. दुधात करंगळी बुडवून विरजण लावणाऱ्या माझ्या आईला हे शास्त्र कोणी समजावून सांगावं लागलं नसतं. विरजण संपलं की शेजारी वाटी पाठवायची, तसं तिथेही यीस्ट मेलं तर शेजारच्या शेतावरून आणत. ते वाळवून ठेवायला कोरीव लाकडी कडी असत. फेसात बुडवायची आणि टांगून सुकवायची.

बेल्जियमच्या वालोनिया भागातल्या सेझाँ बीअरचं यीस्टही तिशीच्या पुढे खुशाल काम करतं, आणि भाच्याने आधी त्याचाच विचार केला होता. पण त्याचे काही वाण मध्येच थबकतात आणि काही दिवसांनी पुन्हा चालू होतात. अर्धवट आंबलेली बीअर बाटलीत भरली गेली तर बाटली फुटते. पाच-सहा वर्षांची नात घरात बागडत असताना तो धोका नको, हे माझंही मत पडलं.

पहाटे साडेपाचला परसात शेगडी पेटली. मोठ्या पातेल्यात पाणी तापवून त्यात जाळीदार कापडी पिशवी सोडली आणि पिशवीत भरडलेला जवाचा माल्ट ओतला, साडेचार किलो. पिशवीची ही पद्धत ऑस्ट्रेलियन हौशी लोकांनी रूढ केली. एकाच पातेल्यात सगळं भागतं. तासभर तापमान ६७ अंशांच्या आसपास ठेवायचं. या तापमानाला माल्टमधली एन्झाइम स्टार्चची साखर करतात. खाली गेलं तर बीअर पाण्यासारखी हलकी होते, वर गेलं तर गोडसर आणि जड. भाचा दर पंधरा मिनिटांनी थर्मामीटर घालून बघत होता आणि पातेल्याला जुनं ब्लँकेट गुंडाळत होता.

पिशवी उचलून गच्च पिळली. चोथा शेजारच्या कोंबड्यांना गेला. उरला तो तपकिरी गोड रस, म्हणजे वर्ट. त्याला उकळी आली तेव्हा फेस एकदम काठापर्यंत चढला. भाच्याने पाण्याचा फवारा मारून तो बसवला आणि हॉप्सचे हिरवे दाणे टाकले. सुरुवातीला टाकलेले हॉप्स कडूपणा देतात, शेवटी टाकलेले वास. या तासाभरात सूर्य कुंपणावर आला आणि आम्ही दोघं शेगडीपासून लांब, पाण्याच्या बाटल्या घेऊन सावलीत सरकलो.

उकळलेला वर्ट थंड करणं हा उन्हाळ्यातला खरा पेच. शंभरावरून तो खाली येताना, विशेषतः साठ अंशांच्या खाली उतरल्यावर, हवेतले जंतू आणि रानटी यीस्ट त्यावर तुटून पडायला टपलेले असतात, त्यामुळे वेळ घालवून चालत नाही. भाच्याने तांब्याच्या नळीचं वेटोळं पातेल्यात सोडलं आणि त्यातून बागेच्या नळाचं पाणी सोडलं. बाहेर पडणारं पहिलं पाणी हात लावता येणार नाही इतकं गरम. ते बादल्यांत साठवून भांडी घासायला ठेवलं. वर्ट आधी भराभर निवला, मग सावकाश. न्यूटनचा शीतन नियम मी कित्येक वर्षं फळ्यावर काढला, इथे तो थर्मामीटरवर दिसत होता: वर्ट आणि पाणी यांच्या तापमानातला फरक जितका कमी, तितका थंड होण्याचा वेग कमी. नळाच्या पाण्याचं तापमान तीसच्या घरात. त्याने वर्ट वीस अंशांवर कधीच आला नसता. त्यासाठी बर्फाच्या पाण्याचा पंप लावावा लागतो. पण क्वाइकला वीस हवेच होते कुठे? काटा ३७ वर आला आणि भाच्याने नळ बंद केला. सगळ्या उन्हाळ्याचं गणित या एका आकड्याने सोडवलं.

हायड्रोमीटरचं वाचन मी घेतलं. तो ६० फॅरनहाइटला आखलेला होता आणि गरम वर्टात तो कमी घनता दाखवतो, म्हणून नमुना आधी फ्रिजमध्ये निववला. १.०५० आली. मग निर्जंतुक केलेल्या काचेच्या मोठ्या बरणीत वर्ट ओतला, यीस्ट टाकलं, सोबत त्याच्या पोषणासाठी चिमूटभर पूरक खाद्य. हलक्या वर्टात क्वाइकची उपासमार होऊ शकते, म्हणून हे खाद्य घालायची पद्धत आहे. बरणी गॅरेजात ठेवून वरून गोधडी पांघरली. रात्री तापमान उतरलं तर यीस्ट गारठू नये हे एक, आणि उजेड पडू नये हे दुसरं. हॉप्समधल्या कडू द्रव्यांवर ऊन पडलं की एक गंधकयुक्त संयुग तयार होतं. स्कंक नावाच्या प्राण्याच्या दुर्गंधीशी त्याचं जवळचं नातं आहे. बीअरच्या बाटल्या तपकिरी असतात त्या यासाठी.

संध्याकाळी गोधडीखालून गुडगुड ऐकू यायला लागली. एअरलॉकमधून बुडबुडे इतक्या वेगाने निघत होते की मोजता येईना, आणि गॅरेजभर संत्र्याच्या सालीचा वास होता. वॉसच्या यीस्टची हीच ओळख. एरवी दोन आठवडे मागणारं काम आठवड्याच्या आत उरकलं. लागोपाठच्या दोन वाचनांत घनता १.०११ वर स्थिर दिसली, म्हणजे अल्कोहोल साधारण पाच टक्के.

बाटल्या भरताना साखरेचा हिशोबही हवामानावर बेतावा लागतो. बाटलीत फेस यावा म्हणून थोडी साखर घालतात. उरलेलं यीस्ट ती खाऊन वायू तयार करतं. पण बीअर जितकी कोमट, तितका तिच्यात आधीचा वायू कमी मुरलेला असतो. भाच्याने आंबताना गाठलेलं सर्वांत जास्त तापमान हिशोबात धरलं आणि १९ लिटरला नेहमीपेक्षा थोडी अधिक साखर घेतली. गॅरेजच्या उष्णतेत बाटल्याही लवकर तयार झाल्या.

पहिली बाटली उघडली ती शेजाऱ्यांसमोर. फेस घट्ट, रंग मधासारखा, वासाला संत्रं, घशाला जळजळ अजिबात नाही. शेजारच्या गृहस्थांना मात्र पिल्सनरची, म्हणजे लागर जातीच्या बीअरची, सवय. दोन घोट घेऊन ते म्हणाले, चांगली आहे, पण लागर नाही. ते खरंच होतं. क्वाइकने उन्हाळ्यात बीअर होते. स्वच्छ, कोरडी, काहीच फळासारखं न लागणारी पिल्सनर हवी असेल तर थंडावाच लागतो, नाहीतर थंडीची वाट बघावी लागते.

बरणीच्या तळाशी राहिलेला यीस्टचा गाळ भाच्याने बेकिंग पेपरवर पातळ पसरला आणि पंख्याखाली ठेवला. त्या हवेत तो लवकरच खडखडीत वाळला. पापुद्रे मोडून दोन पुड्या केल्या. एक कोंबड्यांच्या मालकांना, कारण बाटली रिकामी होईतो त्यांचाही विचार बदलला होता. दुसरी भाचेसुनेने पुरणाच्या डब्याशेजारी ठेवून घेतली, त्यावर तारीख घालायला लावून.

"आणि पिल्सनर कधी करतोस?" मी विचारलं.

"गणपती होऊन पुरण संपू दे," तो म्हणाला, "मग फ्रीझरबद्दल पुन्हा बोलणी करतो."