दीड मिलिमीटरचा पत्रा

गळक्या होडीचं भोक तळ्यात शोधायला जाऊ नये. तिथे पाणी पुढून आत शिरतं, कण्याच्या कडेने मागे वाहतं आणि मागच्या फळीशी साचतं. मग माणूस नेमका मागचाच सांधा खरवडत बसतो. होडी ट्रेलरवर असतानाच तिच्या आत जेमतेम वीतभर पाणी भरावं, बाहेरून तळ फडक्याने कोरडा करावा आणि खाली उताणं पडून वाट बघावी. काही वेळाने एखाद्या रिव्हेटच्या टोपीभोवती ओलसर कडा उमटते. ती फुगते, थेंब होतो, थेंब सुटतो. ओल्या पत्र्यावर खडू उठत नाही, म्हणून तेवढी जागा पुसून मार्करने गोल करून ठेवायचा. पाणी मात्र बेतानेच भरावं. लिटरमागे किलोभर वजन होतं, आणि होडीचं पोट बाहेरचा दाब सोसायला घडवलेलं असतं. आतून लोंबणारा भार त्याला झेपत नाही.

मिनेसोटात एप्रिलच्या सुमारास तळ्यांवरचा बर्फ विरघळू लागला की घरोघरच्या गॅरेजांपुढे हा उद्योग सुरू होतो. मे महिन्यात वॉलायची मासेमारी खुली होते, तोवर होडी तयार हवी. यातल्या कितीतरी होड्या मालकांपेक्षा वयाने मोठ्या आहेत. त्यांची कुळकथा विमानांपाशी जाते. लाँग आयलंडवरच्या बेथपेज इथे ग्रुमन कंपनी दुसऱ्या महायुद्धात हेलकॅट विमानं बांधत होती. कंपनीतले एक अधिकारी विल्यम हॉफमन 1944 मध्ये अ‍ॅडिरॉन्डॅकच्या डोंगरांत कनू घेऊन गेले. एका तळ्यातून दुसऱ्यात जाताना ती जड कनू खांद्यावर वाहावी लागली, आणि विमानाच्या पत्र्याची कनू का करू नये, असं त्यांच्या मनात आलं. युद्ध संपता संपता ग्रुमनने तशी कनू बनवलीही. पुढे आमच्याच मिनेसोटातल्या न्यूयॉर्क मिल्स या लहानशा गावातून लुंड कंपनीच्या होड्या निघू लागल्या. पत्रा अ‍ॅल्युमिनियमचाच, सांधेही रिव्हेटचेच.

लाकडी होडी पाण्यात राहिली की फळ्या फुगतात आणि सांधे आपोआप आवळले जातात. पत्र्याच्या होडीला ही सोय नाही. तिची दुसरी आहे: अ‍ॅल्युमिनियमला हवा लागताक्षणी त्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर धरतो, ओरखडा पडला तर तिथे पुन्हा धरतो, आणि तोच धातूला राखतो. म्हणून गोड्या पाण्यातला पत्रा सत्तर वर्षांनीही ठणठणीत सापडतो. थकतात ते सांधे. प्रत्येक लाटेबरोबर पत्रा किंचित लवतो, रिव्हेट केसभर हलतं, भोक हळूहळू लांबट होत जातं. त्यात थंडीत सांध्यात राहिलेलं पाणी गोठून सुमारे नऊ टक्क्यांनी फुगलं, की फट आणखी रुंदावते.

या धातूचा खरा वैरी तांबं. आमच्या होडीची तळफळी उचलली तेव्हा कुजक्या पानांच्या चिखलात जुना एक सेंट चिकटलेला होता. 1982 पूर्वीच्या या नाण्यात 95 टक्के तांबं असे. नाणं काढलं तर खाली पांढरी भुकटी, भुकटी झटकली तर वाटाण्याएवढा खड्डा, आणि खड्ड्याच्या बुडाशी सुईच्या टोकाएवढा उजेड. ओल्यात हे दोन धातू एकमेकांना टेकले की अ‍ॅल्युमिनियमच झिजतं. वाळवी लागू नये म्हणून तांब्याचे क्षार मुरवलेलं लाकूड मिळतं, ते या होडीत बसवलं तरी हाच प्रकार. जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्याच, पातेल्यात आजी ताक ठेवू देत नसे. आंबटापासून तो ऑक्साइडचा थर जपण्याचंच ते शहाणपण होतं.

आधीच्या मालकांनी सगळ्या रिव्हेटांवर सिलिकॉन फासून ठेवलं होतं. या सवयीचा मला राग येतो. ते लवकर सुटतं, आणि सुटल्यावरही त्याचा असा तेलकट अंश उरतो की त्यावर रंग धरत नाही, इपॉक्सी धरत नाही. ते खरवडण्यात जेवढा वेळ जातो तेवढा दुरुस्तीतही जात नाही. घरच्या घरी वेल्डिंगचा विचारही करू नये: अ‍ॅल्युमिनियम 660 अंश सेल्सिअसला वितळतं, वरचं ऑक्साइड दोन हजारांच्या पुढे. थर फुटेपर्यंत दीड मिलिमीटरच्या पत्र्याचं भगदाड झालेलं असतं. साधं पॉप रिव्हेटही नको, त्याच्या मधूनच पाणी येतं. आतून पोहोचता येत नसेल तर बंद तोंडाचं वापरावं.

भरीव रिव्हेट ठोकायला दोन माणसं लागतात. बाबा यंदा उन्हाळ्याला इकडे आले होते. आयुष्य वर्कशॉपात गेलेलं. होडीत मात्र कधी बसलेले नाहीत. होडी कुशीवर कलती केली, ते आतल्या बाजूने डॉली, म्हणजे रिव्हेटला टेकवायचा जड ठोकळा, धरून बसले आणि मी बाहेरून हातोडा घेतला.

"नुसता ठोकत सुटू नकोस, आवाज ऐक," ते म्हणाले. "सैल आहे तोवर किणकिणेल. बसलं की ठस्स वाजतं. मग थांबायचं. जास्त मारलंस तर पत्रा ताणेल आणि शेजारचं सैल होईल."

तसंच होतं. किणकिण, किणकिण, आणि एका घावाला आवाज भरीव होतो. भोक लांबटलेलं असेल तिथे जुनं रिव्हेट ड्रिलने काढून एक माप मोठं घालावं लागतं, सीलंटात बुडवून. सेंटने पाडलेल्या भोकाला आतून अ‍ॅल्युमिनियमचीच चकती लावली, चारही बाजूंनी बारीक रिव्हेटं मारून. लांब शिवणीला आतून पातळ, थोडं लवणारं इपॉक्सी सोडलं. पत्रा घासल्या घासल्या ते सोडायचं, कारण ऑक्साइड वाट बघत नाही.

त्यानंतर पुन्हा आत पाणी भरलं. नाळेजवळचं एक रिव्हेट अजून पाझरतं. ते पुढच्या आडव्या पट्टीखाली आहे, हातोडा तिथे पोहोचत नाही. पट्टी काढायची तर तिचीही सगळी रिव्हेटं तोडावी लागतील. बाबांचं मत पट्टी काढावी असं आहे. मी म्हणतो, दिवसाला पेलाभर पाणी येतं, स्पंजने टिपता येतं, यंदा राहू दे.