नव्या फोनकडे माझं मागणं

नवा फोन येणार अशी बातमी लागली, की मला चैन पडत नाही. आमच्या घरून म्हणणं असं, की "पावसाची बघत नाही एवढी वाट तुम्ही फोनची बघता!"

पण वाचकहो, मला घडीचा पडदा नको की चार कॅमेरे नकोत. पाठ उघडावी, जुनी बॅटरी काढावी, नवी बसवावी, एवढंच हवं. २००३ साली आलेल्या नोकिया ११०० ला ते जमत होतं. वर विजेरीही होती. रात्री पाणी धरायला तिचाच उजेड.

मागच्या उन्हाळ्यात माझ्या फोनची बॅटरी फुगली, पडदा वर उचलला. तालुक्याचा दुकानदार म्हणाला, "काका, आतून चिकटवलेली असते. नवाच घ्या." आत माझ्या आईचा आवाज होता. ती जायच्या आधी जात्यावर बसवून तिच्या ओव्या भरून घेतल्या होत्या. मी उठेचना. शेवटी त्याच्या पोराने डिंक गरम करून बॅटरी सोडवली. पडदा तडकला, आवाज राहिला.

युरोपात २०२३ साली कायदा झाला. छोट्या यंत्रांची बॅटरी गिऱ्हाइकाला स्वतः काढता यावी, असं १८ फेब्रुवारी २०२७ पासूनचं बंधन त्यात आहे. अपवाद ठेवलेत, ते ठेवतातच. तरी माझी आशा तिकडेच लागली आहे.

तोवर ओव्या लेकीच्या फोनमध्येही उतरवून ठेवल्या आहेत.