पांढरीतलं घर

उत्खननात घर म्हणून जे हाती येतं, ते घर नसतंच. चोपलेली जमीन, चुलीपाशी भाजून लाल झालेली माती आणि खांबांच्या खळग्यांची ओळ, एवढंच. खांब कधीच कुजलेला असतो. त्याच्या जागी भुसभुशीत, जरा गडद मातीचा गोल उरतो आणि करणीला तो हलका लागतो. अशा गोलांवरून आराखडा काढला की आपण घाई करतो: चौकोनी घर सुधारलेल्यांचं, खड्ड्यातलं मागासांचं. खानदेशात हा हिशेब टिकत नाही. तापीकाठच्या सावळदे गावावरून नाव पडलेली संस्कृती घ्या, इ.स.पू. २००० च्या सुमाराची. तिची खापरं खानदेशाबाहेर, प्रवराकाठच्या दायमाबादला मिळतात, तशी धुळे जिल्ह्यातल्या कवठ्यालाही. दायमाबादला मातीच्या भिंतींची, एक ते तीन खोल्यांची चौकोनी घरं. कवठ्याला जमिनीत खणलेले निवासी खड्डे. भांड्यांची परंपरा एक, घरांच्या तऱ्हा दोन. कवठ्याला वस्तीचा थर पातळ आहे, माणसं फार काळ थांबलेली नाहीत. चार हंगामांसाठी भिंती कोण रचत बसेल? खड्डा खणला की भिंत आयतीच मिळते, वर छपराला लाकूडही थोडं पुरतं.

कुणी म्हणेल, ते खड्डे धान्याची पेवं असतील. नुसत्या खड्ड्याला घर म्हणू नये, हे मान्यच. पण तळाला चोपलेली जमीन आणि कडेने खांब असले तर पेव म्हणणंही अवघड. दुसरा आक्षेप वजनदार आहे. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला आधी प्रशस्त चौकोनी घरं होती, इ.स.पू. १००० नंतर लहान गोल झोपड्या आल्या. पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांनी त्याचा संबंध कोरड्या होत गेलेल्या हवामानाशी आणि शेती घटून जनावरांमागे फिरण्याशी जोडला. मग गोल घर म्हणजे उतरती कळाच की! इनामगावपुरतं मला ते पटतं. कवठ्याचे खड्डे मात्र त्याच्या हजारेक वर्षं आधीचे. तिथे उतरायला अजून चढच आलेला नव्हता. आणि खड्डा म्हणजे भटकेच, असंही नाही. ग्रीकांनी शकांना गाड्यांत राहणारे म्हटलं, तरी त्यांच्याच काळातल्या, युक्रेनमधल्या बेल्स्कच्या भल्यामोठ्या तटबंदीत अर्धी जमिनीत खणलेली घरं सापडली. थंडीच्या मुलखात जमिनीची ऊब कामी येते. म्हणून थराची जाडी आधी पाहावी, आकार मागाहून.

त्यासाठी थर उरायला हवा. जुन्या वस्तीच्या टेकाडाची पांढरी माती धाब्यावर पसरायची चाल आपल्याकडे जुनी आहे. पावसाळ्याच्या तोंडावर ती पाटीपाटीने वर चढते, चोपली जाते, आणि तिच्यात काळ्या रेघांचं एखादं खापर निघालं तर खडा समजून खाली भिरकावलं जातं.