किती पांढरं ठेवायचं?

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

स्पितीचे फोटो मिळाले. रात्री जेवणं उरकल्यावर लॅपटॉप घेऊन बसलो आणि एकेक सावकाश पाहिला. सोबत तू विचारलं आहेस, 'मामा, बर्फ राखाडी का आला? कॅमेरा दाखवून आणू का?' कॅमेरा कुठेही नेऊ नकोस, तो ठणठणीत आहे. त्याला जे शिकवलं आहे तेच त्याने इमानेइतबारे केलं, आणि खरी मेख तिथेच आहे.

कॅमेऱ्यातला मीटर समोरून उलटून येणारा प्रकाश मोजतो. समोरची वस्तू मुळात पांढरी आहे की काळी, हे कळायला त्याला मार्ग नाही. म्हणून कॅमेरे बनवणाऱ्यांनी एक ठोकताळा धरला: कुठलंही दृश्य सरासरीने मध्यम राखाडी असतं, म्हणजे पडलेल्या प्रकाशापैकी साधारण १८ टक्के परत पाठवतं. घरं, झाडं, रस्ते, माणसं असली की हे चालून जातं. पण ताजा बर्फ ८० ते ९० टक्के प्रकाश परत पाठवतो. मीटरच्या लेखी तो नुसताच जादा उजेड, म्हणून तो कापून बर्फाला राखाडीवर आणून ठेवतो. नवे मीटर थोडे शहाणे झाले आहेत, पण फ्रेम काठोकाठ बर्फाने भरली की तेही फसतात. गेल्या पावसाळ्यात कोकणकड्याचा ओला काळा कातळ मळकट राखाडी येत होता तेव्हा तू आपणहून मायनस केलं होतंस. हे तेच आहे, फक्त उलट्या बाजूने. इथे प्लस करायचं.

किती, हा खरा प्रश्न. १८ चे ९० म्हणजे पाचपट. एका स्टॉपला प्रकाश दुप्पट होतो, म्हणजे हिशेबाने दोन स्टॉपच्या थोडं वर. पण तेवढं सरसकट देऊ नकोस. मीटर सरासरी काढतो आणि बर्फ कधीच एकसारखा नसतो. उन्हाकडे तोंड केलेले कण त्या सरासरीच्या बरेच वर असतात. प्लस दोन दिलंस की आधी ते उडतात, आणि त्यांच्याबरोबर बर्फाचा पोत जातो. उन्हात प्लस एकपासून सुरुवात कर, फार तर दीडपावेतो जा. फ्रेममध्ये अर्धा उघडा डोंगर आला असेल तर त्याहून कमी पुरेल.

की गोम्पाच्या अंगणातले तुझे दोन फोटो मी शेजारी शेजारी लावून पाहिले. पहिल्यात तो छोटा लामा उभा आहे. बर्फ सिमेंटसारखा दिसतो, चेहरा काळवंडलाय, मरून वस्त्र जवळजवळ काळं. दुसऱ्यात तू वैतागून प्लस दोन केलेलं दिसतं. चेहरा छान उजळलाय, पण अंगणभर पावलांचे ठसे होते ते सगळे पुसले गेले. पहिल्यात ते ठसे मोजता येतात. प्रत्येक ठशाची एक कड उजळ, दुसरी निळसर, टाचेपाशी दबून चकाकी आलेली. पहिला फोटो वाचेल. रॉमध्ये एक-सव्वा स्टॉप वर खेचलास तर सावल्यांत थोडे दाणे येतील, पण बर्फ पांढरा होईल आणि ठसे राहतील. दुसऱ्याला इलाज नाही, कारण तिथे माहितीच नोंदली गेलेली नाही. म्हणून मी बर्फात थोडं अंडर पत्करतो, पण जळालेलं नाही.

उन्हात स्क्रीनवर विसंबू नकोस. बर्फाच्या झगमगाटाने डोळे दिपलेले असतात, स्क्रीन अंधारी वाटते आणि माणूस प्लसवर प्लस करत सुटतो. दुसरा फोटो बहुधा असाच बिघडला. त्यापेक्षा हिस्टोग्राम बघ. बर्फाचा उंचवटा उजव्या बाजूला सरकलेला हवा, पण उजव्या भिंतीला चिकटता कामा नये. लाल, हिरवा, निळा असे तिन्ही आलेख वेगवेगळे दिसतील अशी सोय सुरू करून ठेव. मावळतीला शिखरं तांबूस होतात तेव्हा लाल आलेख आधी भिंतीला धडकतो आणि एकत्रित आलेख मात्र सगळं ठीक आहे असं सांगत राहतो. तुझ्या किब्बरच्या संध्याकाळच्या फोटोत शिखराचा तांबडा रंग सपाट झालाय तो त्यामुळे.

दुपारचं निरभ्र ऊन असेल तर मी मीटरचं ऐकतच नाही. सूर्याचा प्रकाश तासन् तास जवळपास तोच असतो, तू कॅमेरा बर्फाकडे वळव नाहीतर लामाच्या वस्त्राकडे. मग आकडे का बदलायचे? जुना नियम तुला ठाऊक आहे: आयएसओ १००, शटर १/१००, ॲपर्चर एफ १६. बर्फावर एक स्टॉप कमी, म्हणजे एफ २२, कारण खालूनही उजेड उसळतो आणि सावल्या आपोआप भरल्या जातात. तेच आकडे एफ ८ ला १/८०० होतात. मॅन्युअलवर लाव, एक फोटो काढून हिस्टोग्राम बघ आणि ढग येईपर्यंत हात लावू नकोस. ऑटो आयएसओ बंद आहे ना, ते मात्र तपास. तिरक्या उन्हात किंवा ढगाळ हवेत हातमोजा काढून तळवा त्याच उजेडात धर, त्यावर स्पॉट मीटरिंग कर आणि प्लस एक दे. तळवा मध्यम राखाडीपेक्षा साधारण एवढाच उजळ असतो, गोऱ्याचा असो की सावळ्याचा.

सावल्यांचा निळा रंग पूर्ण काढू नकोस. त्या बर्फावर ऊन नाही, फक्त आकाश पडलंय, मग तो निळा असणारच. व्हाइट बॅलन्स डेलाइटवर ठेव. निळेपणा मारायला गेलीस की उन्हातला बर्फ पिवळट पडतो, आणि मला ते फार वाईट वाटतं.

ढगाळ दिवशी बर्फाला सावलीच नसते, त्यामुळे पोतही नसतो. तिथे कुठलंही एक्स्पोजर कामाला येत नाही. दगड, याक, चोर्तेन, काहीतरी गडद फ्रेममध्ये हवंच. अमेरिकेत व्हरमाँटमधल्या जेरिको गावचा विल्सन बेंटली नावाचा शेतकरी होता. कॅमेरा सूक्ष्मदर्शकाला जोडून त्याने १५ जानेवारी १८८५ रोजी हिमकणाचा पहिला फोटो काढला आणि पुढे आयुष्यभरात पाच हजारांवर काढले. पांढऱ्यावर पांढरं उठून दिसत नव्हतं. तेव्हा निगेटिव्हच्या प्रतीवर कणाभोवतीचा थर तो चाकूने खरवडून काढी, म्हणजे छापताना मागची बाजू काळी येई. सहा टोकांच्या त्या कणाच्या कडेकडेने चाकू फिरवायचा, तोही हजारो प्लेटांवर! पांढऱ्यासाठी एवढे कष्ट घेणाऱ्या माणसाबद्दल मला अतोनात आदर वाटतो.

हिमबिबट्यासाठी परत जाणार आहेस ना? त्याचा धुरकट राखाडी रंग म्हणजे मीटरचा आवडता रंग, पण तो बर्फात लांब, इवलासा दिसणार आणि मीटर बर्फच मोजणार. आकडे आधीच लावून बस, तो दिसल्यावर डायल फिरवायला वेळ मिळत नाही. जादा बॅटऱ्या आतल्या खिशात ठेव. खोलीत शिरण्याआधी कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांध, नाहीतर लेन्सवर बाष्प धरेल.

अंगणातल्या पहिल्या फोटोची रॉ फाइल मला पाठव. मी माझ्या पद्धतीने करून बघतो, तू तुझ्या पद्धतीने कर, मग दोन्ही छापून ताईला दाखवू. तिला नमस्कार सांग.

तुझा,
मामा