घेणे आणि देणे

इंग्रजीतले लांबलचक शब्द माणसाला सहसा फसवत नाहीत. ते समोर आले की आपण सावध होतो, कोश उघडतो. फसवतात ते चिमुकले शब्द. 'टेक' हा त्यांतला पक्का ठक. पाचवीतल्या पोराला विचारा, तो छाती पुढे काढून सांगेल, "टेक म्हणजे घेणे!" आणि तिथूनच त्याच्या हालांना सुरुवात होते.

चहा घ्या, औषध घ्या, विश्रांती घ्या, इथपर्यंत दोघे गळ्यात गळे घालून चालतात. पुढे वाटा फुटतात. साहेब फोटो घेतो, आपण काढतो. तो आंघोळ घेतो, आपण करतो. तो बस घेतो, आपण स्वारगेटला बस घेतली म्हणालो, तर ऐकणारा विचारील, "केवढ्याला?" त्याचा प्रवास अर्धा तास घेतो, आपल्याला अर्धा तास लागतो. डबा न्यायचा तरी टेक. शेपटीला 'ऑफ' जोडले की कोटही उतरतो आणि विमानही उडते!

मोल्सवर्थने सुरू केलेला इंग्रजी-मराठी कोश कँडीने पुरा केला आणि तो १८४७ साली निघाला. हा कँडी पुण्याच्या संस्कृत पाठशाळेचा प्रमुख होता. अशा शब्दापाशी त्याची लेखणी किती थबकली असेल! पण कोशकाराला सवड तरी असते. मुलाखतीच्या खुर्चीवर बसलेल्या मुलीला ती नसते.

माझी एक जुनी विद्यार्थिनी एका कचेरीत नोकरीसाठी गेली होती. बी. कॉम.ची परीक्षा दिली, हे इंग्रजीत सांगताना ती 'गेव्ह' म्हणाली. समोरचे गृहस्थ हसले. "तुम्ही दिलीत, मग घेतली कोणी?" पुढची उत्तरे तिच्या घशातच राहिली, आणि नोकरीही. मला म्हणाली, "सर, वर्षभराचा अभ्यास तीन तासांत कागदावर उतरवून दिला तो मीच ना? मग मी घेतली कशी?"

तिचा प्रश्न रास्त आहे. मराठीत विद्यार्थी परीक्षा देतो आणि मास्तर घेतो. इंग्लंडात नेमके उलटे. हिंदीतही परीक्षा देतातच, म्हणून आपल्याकडच्या इंग्रजीत 'गेव्ह' सर्रास ऐकू येते. परक्या परीक्षकापुढे मात्र ते खपत नाही. तेव्हा 'टेक'च शिकवले पाहिजे, यात वाद नाही.

२००० सालापासून आपल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले; शब्दापुढे शब्द मांडून घोकण्याची खोड मात्र पुष्कळ ठिकाणी टिकून आहे. मी वर्गात 'टेक म्हणजे घेणे' फळ्यावर लिहीतच नाही. टेक टी, टेक अ बस, टेक टाइम, टेक ॲन एक्झाम, अशी जोडी लिहितो आणि प्रत्येकीसमोर आपले क्रियापद मांडतो: घेणे, जाणे, लागणे, देणे. सून घरात आणायची तर तिचे माहेरही ठाऊक असावे, शब्दाचेही तसेच.

आणि कुणी 'गेव्ह' म्हटलेच, तर लाल रेघ मारण्यापूर्वी ते कुठून आले हे वर्गाला सांगतो. ती मुलगी अडाणी नव्हती. ती मराठीत विचार करीत होती, आणि तो विचार बिनचूक होता. त्या गृहस्थांना दोन्ही भाषा येत होत्या. त्यांनी एवढे सांगितले असते, तर काम दोन मिनिटांचे होते.