हमी कशाची?

सोयाबीनच्या शेंगा भरताना पाऊस दडी मारतो आणि सोंगणीच्या वेळी कोसळतो. धाड परिसरात याचं आता कुणाला नवल राहिलं नाही. हवामान बदलावर कायदा हवा म्हटलं की पारावर हसू उमटतं: कायद्यानं पाऊस पडतो का?

नाही पडत. रोजगार हमी कायद्यानंही पाडला नव्हता. १९७२च्या दुष्काळानं महाराष्ट्र होरपळला. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना लावून धरली. १९७७मध्ये विधिमंडळानं कायदा केला, २६ जानेवारी १९७९ला तो लागू झाला. काम मागणाऱ्याला काम देणं सरकारवर बंधनकारक झालं. पैशाची सोयही आधीच केलेली होती: शहरातल्या पगारदारांकडून व्यवसाय कर. खडी फोडणारी बाई याचक राहिली नाही, हक्कदार झाली.

हवामानाच्या बाबतीतही आता हक्काची भाषा आली आहे. २१ मार्च २०२४ला माळढोक पक्ष्याविषयीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षणाचा हक्क घटनेच्या १४ आणि २१ कलमांत वाचला. देशात याविषयी एकछत्री कायदा नाही, हेही नोंदवलं. ब्रिटननं तसा कायदा २००८मध्येच केला.

मी आमदार असतो तर भाषण लांबवलं नसतं. हवामान कायद्याचा मसुदा हातात घेऊन एवढंच विचारलं असतं: शेतकऱ्यानं दाद मागायची कुणाकडे आणि पैसा येणार कुणाच्या खिशातून? पागेंच्या कायद्यात दोन्हींची उत्तरं होती. ती नसलेल्या कायद्याला मी हात वर केला नसता, मग त्याचं नाव कितीही हिरवं असो.